फेब्रुवारीत विरून जाणारा शब्द

प्रश्न : मी ४१ वर्षांची, नोकरी करते. गेली तीन वर्षं नव्या वर्षासाठी एक शब्द निवडते आहे. आधी 'सकारात्मकता', मग 'कृतज्ञता', यंदा 'संतुलन'. छान अक्षरात लिहून कपाटावर लावते, मोबाइलच्या वॉलपेपरवर टाकते. फेब्रुवारीपर्यंत शब्द जागेवरच असतो, पण माझं त्याच्याकडे लक्ष जात नाही. या वेळी वहीत २६ शब्द जमलेत आणि एकावर बोट ठेवता येत नाही. त्यातला 'पुरे' मनात घोळतोय, पण तो फारच साधा वाटतो, शिवाय नकारात्मक. मिस्टर म्हणतात, शब्दबिब्द सोड, दोन-तीन ध्येयं लिही. मुलीने एका मिनिटात 'धमाल' ठरवला आणि मोकळी झाली. शब्दाचा खरंच उपयोग होतो का? आणि मध्येच बदलला तर चालतो? जाता जाता सांगते, ऑफिसच्या स्नेहमेळाव्याची जबाबदारी सलग चौथ्या वर्षी माझ्याकडे येऊ घातली आहे आणि १० तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. हे का लिहिलं, मलाच कळत नाही.

उत्तर : पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत. त्याच्याकडे येऊच.

शब्दाचा उपयोग होतो, पण एकाच कामासाठी. आधी न ठरवलेल्या प्रसंगात पटकन कुठली बाजू घ्यायची, हे तो सांगतो. 'आठवड्यातून चार दिवस अर्धा तास चालायचं' हे ध्येय झालं. ते पाळलं की नाही, हे रविवारी मोजता येतं. पण रात्री सव्वानऊला मेसेज येतो, 'उद्या जरा लवकर येता येईल का?' तेव्हा काय म्हणायचं, हे ध्येयांच्या कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं. शब्द लागतो तो तिथे.

त्यामुळे तुमच्या मिस्टरांचंही बरोबर आहे. वजन, बचत, अभ्यास अशा मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ध्येयच लिहा. 'संकल्प कुणाचे टिकतात?' म्हणून ते मोडीतही काढू नका. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षारंभी संकल्प करणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोक सहा महिन्यांनंतरही तो पाळत असल्याचं सांगत होते. बदल हवा होता पण संकल्प केला नव्हता, अशा लोकांमध्ये हे प्रमाण ४ टक्के होतं. ध्येयाला शब्दाची गरज नसते आणि शब्दाला ध्येयाची. एकाकडून दुसऱ्याचं काम करून घ्यायला गेलं की दोन्ही फसतात.

आता तुमचे तीन शब्द बघू. तिघांचाही दोष एकच आहे : ते कशालाच नाही म्हणत नाहीत. सव्वानऊचा तोच मेसेज घ्या आणि 'संतुलन'ला विचारा. 'ऑफिसलाही वेळ द्यायला हवा, म्हणजे संतुलन राहील' असंही तो म्हणेल आणि 'सकाळचा वेळ घरासाठी राखला तर संतुलन राहील' असंही. म्हणजे निर्णय तुमचा तुम्हीच घेतलात, शब्द नुसता मान डोलावत उभा राहिला. 'सकारात्मकता' तर याहून गुळगुळीत. असा शब्द भिंतीवर शोभतो, पण अडीनडीला आठवत नाही, कारण आठवून काही हाती लागत नाही हे मनाला दोन आठवड्यांत कळलेलं असतं. फेब्रुवारीत तुमचं लक्ष उडतं ते आळसामुळे नव्हे. शब्दाकडे काही कामच नसतं.

यादीतून शब्द निवडायला बसलं की हे हमखास होतं. यादीतले सगळेच शब्द चांगले असतात आणि चांगल्यातून निवडायला निकष नसतो. म्हणून वही तूर्त मिटा. निवड सरलेल्या वर्षातून करायची.

त्यासाठी साधारण पाऊण तास, कोऱ्या कागदाच्या वीस-पंचवीस चिठ्ठ्या आणि मोबाइल एवढं पुरतं. मोबाइल अशासाठी, की स्मरणावर विसंबलं तर ठळक भांडणं आणि ठळक समारंभ तेवढे आठवतात. गेल्या तीन महिन्यांचं कॅलेंडर, पाठवलेले मेसेज, खर्चाचे मेसेज आणि फोटो या क्रमाने चाळा. जिथे 'हे मी असं करायला नको होतं' किंवा 'हे बरं केलं' असं वाटेल, तिथे एक चिठ्ठी लिहा. चिठ्ठीवर भावना लिहायची नाही, प्रसंग लिहायचा. 'खूप ताण होता' ही चिठ्ठी निरुपयोगी. 'शुक्रवारी रात्री अकराला सादरीकरण तिसऱ्यांदा बदललं' ही चिठ्ठी कामाची. 'बरं केलं'च्या निदान सहा-सात चिठ्ठ्या हव्यातच. त्या नसल्या तर निवडलेला शब्द स्वतःला टोचायलाच वापरला जातो.

मग चिठ्ठ्या टेबलावर पसरून सारख्या वाटणाऱ्या एकत्र करा. विषयावरून नको; ऑफिसच्या इकडे, घरच्या तिकडे असं केलंत तर हाती काही लागणार नाही. चूक कशी घडली, यावरून ढीग करा. समजा २४ चिठ्ठ्या झाल्या आणि त्यातल्या नऊ 'न विचार करता हो म्हणून टाकलं' या जातीच्या निघाल्या, पाच 'झालेलं काम पुन्हा उकरत बसले' या जातीच्या, चार 'सांगायचं होतं पण गप्प बसले' या, आणि उरलेल्या सुट्या. सर्वांत मोठा ढीग उचला. त्यातली एकेक चिठ्ठी हातात घेऊन एकच प्रश्न विचारा : त्या क्षणी कुणी कानात एक शब्द कुजबुजला असता, तर कुठल्या शब्दाने मी वेगळं वागले असते? जो शब्द निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांना लागू पडेल तो तुमचा उमेदवार. दोन-तीन निघाले तरी हरकत नाही. दोन ढीग तोडीस तोड असतील, तर दोन्ही शब्द मात्र घेऊ नका. एका वर्षात एकच चूक सुधारायची, दुसरी पुढच्या वर्षीही तिथेच भेटते.

आता शब्दाचं रूप. याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि निम्मं काम इथेच बिघडतं.

मराठीत आपल्याकडे शब्दांचे दोन पेहराव असतात. एक समारंभाचा : संतुलन, समर्पण, सातत्य, आत्मभान. दुसरा घरातला : बेताने, नेट, रोज, जरा थांब. शब्द निवडताना हात आपोआप समारंभाच्या कपाटाकडे जातो, कारण वर्ष नवं आहे, शब्दही भारदस्त हवा असं वाटतं. पण घाईच्या क्षणी माणूस स्वतःशी तत्सम शब्दांत बोलत नाही. गाडी चुकत असताना कुणी 'त्वरा' म्हणत नाही, 'चल चल' म्हणतं. जो शब्द तुमच्या तोंडी एरवी येतच नाही, तो ऐन वेळी मनात येणार कसा? 'सातत्य'ऐवजी 'रोज' घेऊन बघा, 'स्वीकार'ऐवजी 'असू दे', 'एकाग्रता'ऐवजी 'एकच'. 'असू दे' हे शब्द दोन झाले म्हणून बिचकू नका, एका दमात म्हणता आलं की झालं.

नामापेक्षा क्रियापद किंवा क्रियाविशेषण बरं पडतं. 'शांतता' ही लाभण्याची गोष्ट आहे, ती नसली की नुसती खंत वाटते. 'सावकाश' करता येतं, आत्ता, याच मिनिटाला. आज्ञार्थी रूपं, म्हणजे 'थांब', 'उरक', 'विचार', जोरकस असतात, पण ती निवडण्याआधी मोठ्याने म्हणून बघा आणि आवाज कुणाचा ऐकू येतो ते तपासा. 'आवर' किंवा 'शिस्त' हा शब्द एखाद्या कडक शिक्षकाच्या किंवा वडिलांच्या आवाजात ऐकू येत असेल तर तो सोडून द्या. दर वेळी त्या आवाजाशी वाद घालण्यातच वर्ष जाईल. अशा वेळी क्रियापद स्वतःच्या तोंडी द्यावं : 'थांब'ऐवजी 'थांबते'. एवढ्याशा बदलाने हुकूम जातो आणि राहते ती तुमचीच खबर.

फार वापरातला शब्दही नको. 'चल', 'बघू', 'हो' दिवसातून पन्नासदा कानावर पडतात, त्यांना वेगळा अर्थ चिकटत नाही.

तुमचा 'पुरे' आता तपासू. साधेपणा हा त्याचा गुणच ठरला. राहता राहिला नकारात्मकतेचा आक्षेप. तो आक्षेप घ्यावा असं तुम्हाला वाटलं हे ठीकच आहे, कारण 'हे करायचं नाही' या चालीवरचे संकल्प जरा लंगडे पडतात. स्वीडनमध्ये १,०६६ जणांना वर्षभर तपासून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 'अमुक करेन' असा संकल्प करणाऱ्यांपैकी ५८.९ टक्के स्वतःला यशस्वी म्हणत होते, तर 'अमुक टाळेन' म्हणणाऱ्यांपैकी ४७.१ टक्के. पण 'पुरे' टाळणाऱ्यांतला शब्द नाही. 'नको' वस्तू परत करतो. 'पुरे' आला 'पुरणे'वरून : मिळालं, भागलं, एवढ्यात निभतं. तिसऱ्यांदा सादरीकरण उघडताना 'नको' म्हटलं तर कामाचा कंटाळा वाटतो, 'पुरे' म्हटलं तर काम झाल्याची नोंद होते. दोन अक्षरं, घरातला पेहराव, मोठ्याने म्हणता येतो. उमेदवार भक्कम आहे. आवाजाची चाचणी मात्र करा, कारण 'पुरे झालं तुझं!' हे वाक्य पुष्कळांनी लहानपणी ऐकलेलं असतं.

शब्द ठरला की त्याची चोरवाट लगेच लिहून ठेवायची. प्रत्येक शब्दाला ती असते. 'सावकाश'ची चोरवाट चालढकल. 'मोकळं'ची, अर्धवट कामं. 'रोज'ची, एक दिवस चुकला की सगळंच सोडून देणं. 'पुरे'ची उघड आहे : चालायला निघून दहा मिनिटांत 'आज एवढं पुरे' म्हणत परतणं. म्हणून शब्दाखाली एक ओळ लिहा, उदाहरणार्थ 'पुरे, पण चालणं आणि औषधं सोडून'. ही ओळ नसली की मार्चपर्यंत शब्द आणि आळस यांची युती होते.

यानंतर चाचणी. येत्या पंधरवड्यात घ्यायचे तीन खरेखुरे निर्णय कागदावर मांडा आणि शब्दाला प्रत्येकाबद्दल विचारा. तिन्हींना तो नुसतं हो म्हणत असेल तर तो 'संतुलन'चाच भाऊ आहे, परत ढिगाकडे जा. तिन्हींना नाही म्हणत असेल तरी सावध व्हा, तो शब्द थकव्यातून आला असण्याची शक्यता आहे. चार दिवस नीट झोप झाल्यावर पुन्हा विचारा. (झोप, भूक, उत्साह हे सगळंच कित्येक आठवडे हरवलेलं असेल, तर तो प्रश्न शब्दाचा नाही. डॉक्टरांना भेटावं.) एका निर्णयाला ठाम नाही, एकाला ठाम हो आणि एकावर विचार करायला लावणारा शब्द उत्तम. मग सात दिवस तो गुपचूप वापरून बघा. कुठे लिहायचा नाही, कुणाला सांगायचा नाही. रात्री फक्त एक आकडा : आज तो आपणहून किती वेळा आठवला? आठवड्यात तीन-चारदाही आठवला नाही तर शब्द तुमच्या जिभेवरचा नाही. असे दोन उमेदवार पाळीपाळीने वापरले तरी दोनच आठवडे लागतात. १ जानेवारी चुकली म्हणून बिघडत नाही. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रिस यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की नव्या सुरुवातीची उभारी नवं वर्षच देतं असं नाही, सोमवार, महिन्याची पहिली तारीख, वाढदिवसानंतरचे दिवसही ती देतात. घाईने १ तारखेला निवडलेल्या शब्दापेक्षा पारखून घेतलेला १५ तारखेचा बरा.

आता तो टिकवायचा कसा. कपाट आणि वॉलपेपर दोन्ही जागा चुकीच्या होत्या. कपाटापुढे तुम्ही काही ठरवत नाही, कपडे काढता. वॉलपेपर दिवसातून शंभरदा समोर येतो, म्हणूनच दिसेनासा होतो. डोळे थेट घड्याळाकडे जातात. शब्द निर्णयाच्या जागी हवा. 'न विचार करता हो' ही तुमची चूक असेल तर ते 'हो' कुठे जातं? फोनवरून, मेसेजमधून, मीटिंगमध्ये. मग शब्द लॅपटॉपच्या कडेला, मीटिंगला नेता त्या वहीच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, पेन्सिलने, लहान अक्षरांत. दर महिन्याला जागा आणि कागदाचा रंग बदला. नजरेला सवय झाली की चिठ्ठी भिंतीचा भाग होते.

आणि शब्दाला 'जेव्हा–तेव्हा'ची जोड द्या. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं यावरचं काम प्रसिद्ध आहे : नुसता इरादा आणि 'जेव्हा अमुक घडेल तेव्हा मी तमुक करेन' अशी बांधणी, यांत बांधणी ठळकपणे सरस ठरते. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून हे मांडलं. कारण सोपं आहे. प्रसंग आधीच ओळखून ठेवलेला असतो, त्यामुळे तो समोर आला की आठवण काढावी लागत नाही. वाक्य असं : 'जेव्हा कुणी नवं काम विचारेल, तेव्हा मी मनात पुरे म्हणेन आणि उद्या सांगते असं उत्तर देईन.' दुसरं : 'जेव्हा पूर्ण झालेली फाइल पुन्हा उघडायला हात जाईल, तेव्हा मी पुरे म्हणेन आणि ती पाठवून देईन.' 'तेव्हा'नंतर लहानशी, दिसणारी कृती हवी. 'तेव्हा मी शांत राहीन' ही कृती नव्हे. अशी वाक्यं दोन, फार तर तीन. दहा लिहिलीत की एकही आठवत नाही.

फेब्रुवारीचं म्हणाल, तर तो खचण्याचा महिना असायचं कारण साधं आहे : सवय तोवर बसलेलीच नसते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी रोजची कृती अंगवळणी पडायला लागणारा मध्यक काळ ६६ दिवस निघाला, आणि पल्ला १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा. '२१ दिवसांत सवय लागते' हे विसरा. १ जानेवारीपासून ६६ दिवस मोजले तरी मार्चचा पहिला आठवडा उजाडतो. त्याच अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट : एखादा दिवस चुकला तर घडी विशेष बिघडत नाही.

म्हणून महिन्याच्या शेवटच्या रविवारी दहा मिनिटं राखा. तीन ओळी : शब्द कुठे आठवला आणि काय बदललं; कुठे आठवायला हवा होता पण नंतर आठवला; चोरवाटेने कुठे पळाला. दुसरी ओळ सगळ्यात मोलाची. तासाभराने का होईना आठवला म्हणजे प्रसंग ओळखू यायला लागला. पुढच्या महिन्याचं 'जेव्हा' वाक्य त्या ओळीतूनच घ्यायचं. फेब्रुवारीत ही ओळ लांबलचक आणि पहिली ओळ कोरी, हे चित्र अगदी सरळ आहे.

शब्द मध्ये बदलला तर चालतो का? चालतो, पण पहिले तीन महिने नाही. नंतर बदलायचा तर कारण परिस्थितीत असावं : नोकरी बदलली, घरात आजारपण आलं, चिठ्ठ्यांचा तो ढीगच संपला. 'आता तो पूर्वीसारखा भिडत नाही' हे कारण धरू नका. न भिडता काम करणं, हीच शब्द मुरल्याची खूण.

जाहीर मात्र करू नका. गोलविट्झर यांच्याच २००९ मधल्या प्रयोगांत दिसलं, की 'मला अमुक व्हायचंय' हा इरादा दुसऱ्याच्या कानी गेला की त्यासाठीचे कष्ट थोडे कमी होतात. कौतुकातच निम्मं पोट भरतं. एका माणसाला सांगा आणि त्याला काम नेमून द्या. मिस्टरांना म्हणा, 'रात्री नऊनंतर मी लॅपटॉप उघडला तर काय उरलंय एवढंच विचारा.' आणि तो शब्द घरातल्यांवर कधीही वापरायचा नाही. 'पुरे' दुसऱ्याला उद्देशून म्हटलात की तीच जुनी दटावणी होते. मुलीच्या 'धमाल'बद्दलही काळजी नको, तिला चाचणीबिचणी लावू नका. तिचा शब्द निदान कंटाळवाण्या गोष्टींना नाही म्हणतो, म्हणजे तुमच्या तिन्हींहून सरस आहे.

२६ शब्दांची वही ठेवून द्या. ढीग वेगळाच निघाला तर तिच्यात चालण्याजोगं काही सापडेल.

आता स्नेहमेळावा. शब्द निवडण्याविषयीच्या पत्रात तुम्ही तो का लिहिलात, याचा अंदाज आतापर्यंत आला असेल. तीन वर्षं केलंत, चौथ्यांदा विचारणा आहे, आणि १० तारीख यायची आहे. चाचणीच्या तीन निर्णयांतला पहिला हाच घ्या. 'पुरे' काय म्हणतो ते ऐका, आणि त्याचं उत्तर नाही असं आलं तर आयोजकांना कळवा : 'या वर्षी जबाबदारी घेत नाही. मागच्या तीन वर्षांच्या याद्या आणि खर्चाचा तपशील ज्यांच्याकडे काम जाईल त्यांना पाठवते.' कारणं जोडू नका. कारण दिलं की त्यावर तोडगा सुचवला जातो, आणि मेळावा पुन्हा तुमच्याच टेबलावर येतो.